दोघांची संमती

वकीलबाईंनी पेन्सिलीच्या टोकानं
यंत्र माझ्याकडे परत सरकवलं,
मेलेली पाल लोटावी तसं.
"इथे सुरू करू नका," म्हणाल्या.
"मी ऐकलं नाही. तुम्ही दाखवलं नाही."

तेवीस डॉलरचं यंत्र, काड्यापेटीहून लहान.
भिंतींना कान असतात म्हणतात.
आमच्या भिंतींना नव्हते, म्हणून मी विकत आणले
आणि चिकटवले ब्रेडच्या डब्यामागे,
जिथे पुसायला आर्डिसचा हात कधी जात नाही.
सव्वीस वर्षांत एवढं तरी
मला तिच्याबद्दल खात्रीनं ठाऊक होतं.

स्पोकेनमध्ये, वकीलबाई सांगू लागल्या,
म्हणजे अख्ख्या वॉशिंग्टन राज्यात,
खाजगी बोलणं टिपायचं तर
बोलणाऱ्या सगळ्यांची संमती लागते.
नवरा असलात तरी.
घर तुमच्या नावावर असलं तरी.
छताचे पत्रे तुम्ही स्वतः ठोकले असले तरी.
शिक्षा जास्तीत जास्त वर्षभर, एक दिवस कमी.
तो एक दिवस कुणी आणि का सोडला असेल,
मी त्यातच अडकून राहिलो.

"तिनं धमकी दिली होती? मारीन, जाळीन, असं काही?"
नाही.
"मग अपवादही नाही."

मी म्हटलं, गोदामातला एकजण सांगत होता,
पलीकडे आयडाहोत चालतं म्हणून.
पोस्ट फॉल्स इथून अर्ध्या तासावर,
आम्ही पेट्रोल भरायला जातो तिथे.
"तिथे एकाची संमती पुरते," त्या म्हणाल्या,
"पण तो एक त्या बोलण्यात असावा लागतो.
तुम्ही होतात का बोलण्यात, मिस्टर टॉलिफसन?"

हाच प्रश्न आर्डिसनं विचारला असता
तर मी टीव्हीचा आवाज वाढवला असता.

यंत्रात काय आहे ते त्यांनी विचारलं नाही.
मला वाटलं होतं, एखादा पुरुष असेल.
ट्रकच्या काचा वर करून अकरा तास ऐकलं:
फ्रिजची घरघर, नळ,
फरशीवर कुत्र्याची नखं,
बहिणीशी फोनवर गुडघ्याच्या ऑपरेशनचं.
आणि मंगळवारी चारच्या सुमाराला,
स्वयंपाकघरात दुसरं कुणी नसताना,
"मर्ल, जरा बस. मला काही सांगायचंय."
मग खुर्ची सरकल्याचा आवाज.
"मर्ल, बस ना."
"मर्ल, आधी पूर्ण ऐकून घे हं."
एकदा हसून. एकदा नाक ओढत.
एकदा बँकेतल्या बाईसारखं कोरडं.
सहा वेळा तिथपर्यंत आली आणि परत फिरली.
सातव्यांदा आवाज अगदी जवळ आला,
कानाशी तोंड आणून बोलावं इतका,
आणि पुढचं वाक्यही आलं.
ते मी इथे लिहिणार नाही.
त्याला तिची संमती नाही.

वकीलबाईंना एवढंच विचारलं:
समजा, कुणी भिंतीशी बोललं,
पण नाव घेऊन, माझंच नाव घेऊन बोललं,
तर मी त्या बोलण्यात होतो की नव्हतो?
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल," म्हणाल्या.
"ताशी तीनशे दहा."

घरी आलो तेव्हा ती बटाटे सोलत होती.
मी न सांगता खुर्चीवर बसलो.
"काय रे, बरं नाही का?"
काही नाही. बसलोय नुसता.
"बरं," म्हणाली, आणि सोलत राहिली.
सालं लांब निघत होती, तुटत नव्हती.
हात कुठे ठेवावेत ते कळेना
म्हणून ब्रेडचा डबा ओढायला गेलो.
तो आधीच वीतभर पुढे ओढलेला होता.
मागची फरशी
पुसून लख्ख.